नवरा अमेरिकन सिटिझन आहे, माझं दोन वर्षांचं ग्रीन कार्ड संपत आलंय, भारतात जाऊन येऊ का?

जा की, पण आधी आय-७५१ (कार्डावरची अट काढण्याचा फॉर्म) भरा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मिळालेलं कार्ड कंडिशनल असतं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून हा फॉर्म भरायचा, मग जी पावती येते तिच्यावर कार्डाची मुदत ४८ महिने वाढल्याचं लिहिलेलं असतं, ते पत्र आणि जुनं कार्ड दोन्ही हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको (हा शहाणपणा मी केलाय, मुंबईत काउंटरसमोर बॅग उघडून साड्या उपसत बसले होते). सहा महिन्यांच्या वर राहू नका, सिटिझनशिपला नडतं. ती ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी, नवऱ्यासोबत राहत असाल तर, आणि त्यातले १८ महिने तरी प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं.