वारा तोंडावर घेऊन निघा

प्रश्न : बाई, मी फोंड्याचा. रोज पहाटे फर्मागुडीच्या पठारावर सहा-सात किलोमीटर धावतो. जानेवारीत शिकायला एडिंबराला चाललो आहे. तिथे एकाच सकाळी ऊन, पाऊस, गारा सगळे होते म्हणतात. धावणे सोडावे लागेल का? दोन जाड स्वेटर घेतले आहेत.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सोडू नका. स्वेटर मात्र कॉलेजात जाताना घाला, धावताना नको.

आपल्याकडे न्हाणीघरातले खोबरेल थिजले, म्हणजे पारा 24 अंशांखाली गेला, की थंडी आली म्हणतात. एडिंबराला जानेवारीत दुपारीही 7 अंशांच्या आसपास असते. पण मला छळले ते वाऱ्याने आणि माझ्याच घामाने. लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर धावायला निघाले. अंगात सुती बनियन, वर स्वेटर. वारा पाठीशी होता, पाय कसे हलके पडत होते! मागे वळले आणि तोच वारा छातीवर आला. घामाने भिजलेले सूत गार पडून अंगाला चिकटले. दाराशी पोचले तर बोटांत किल्ली धरवेना, घंटा कोपराने दाबली. शून्य अंशाला ताशी 20 किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला उणे 5 जाणवते. ओल्या अंगाचे तर विचारूच नका.

म्हणून निघताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे घाम आल्यावर तो पाठीशी असेल. अंगालगत सूत नको. घाम बाहेर काढणारे सिंथेटिक किंवा बारीक मेरिनो लोकर, वर वारा अडवणारे पातळ जाकीट. पहिली दहा मिनिटे हुडहुडी भरली पाहिजे. दारातच ऊब वाटली तर एक कपडा जास्त झाला. हातमोजे आणि कानटोपी मात्र विसरू नका.

पहाटेची सवय तिथे मोडावी लागेल. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, आणि अंधारात ओला रस्ता कुठला आणि गोठलेला कुठला ते कळत नाही. श्रावणात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या आपण कशा उतरतो, तशी तिथे आखूड पावले टाका. जमले तर दुपारी धावा.

परत आल्यावर आधी ओले कपडे बदला. चहा नंतर.