वाचक विचारतात : एलिझाबेथ ब्लॅकवेल आणि चेष्टेतला होकार

प्रश्न : अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना महाविद्यालयात प्रवेश मिळाला तो विद्यार्थ्यांनी केलेल्या थट्टेमुळे, असे अलीकडेच एका व्याख्यानात ऐकले. त्यात तथ्य किती? आणि एकदा प्रवेश मिळाल्यावर तरी त्यांचा मार्ग सुकर झाला का?

उत्तर : तथ्य बरेच आहे. मात्र ही गोष्ट सहसा जिथे संपवली जाते, तिथून पुढचा भाग अधिक सांगण्याजोगा आहे.

ब्लॅकवेल यांचा जन्म १८२१ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला आणि १८३२ साली त्यांचे कुटुंब अमेरिकेत आले. शाळेत शिकवून पैसे साठवत त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला, तेव्हा प्रथम फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्क येथील नामांकित महाविद्यालयांचे दरवाजे ठोठावून पाहिले. कोणी हसून बोळवण केली, तर कोणी पुरुषाचा वेश करून पॅरिसला जा आणि तिथे शीक, असा मनापासून सल्ला दिला. एका प्राध्यापकांनी तर, आमचीच डोकी फोडण्यासाठी आम्हीच तुमच्या हाती काठी द्यावी अशी अपेक्षा करू नका, असे सुनावले. या गृहस्थांचे मला कौतुक वाटते, कारण बाकीचे सारे स्त्रीच्या नाजूक प्रकृतीची आणि शालीनतेची काळजी वाहत असताना त्यांनी खरी भीती कशाची आहे ते स्वच्छ सांगून टाकले.

मोठ्या शहरांत डाळ शिजत नाही हे पाहून त्यांनी खेड्यापाड्यांतील १२ लहान महाविद्यालयांना अर्ज धाडले. त्यांतले एक जिनीव्हा मेडिकल कॉलेज. हे जिनीव्हा स्वित्झर्लंडमधले नव्हे. न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात सेनेका सरोवराच्या काठी वसलेले ते एक छोटे गाव आहे. अर्जासोबत फिलाडेल्फियातील एका प्रतिष्ठित डॉक्टरांचे शिफारसपत्र असल्यामुळे प्राध्यापकांना तोंडावर नाही म्हणणे अवघड झाले, आणि त्यांनी एक पळवाट काढली. अर्ज विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा, आणि एकानेही विरोध केला तरी तो फेटाळायचा. सुमारे १५० तरुणांच्या वर्गात एक तरी नकार निघेलच, असा त्यांचा हिशेब होता.

पुढचा प्रसंग आपल्याला कळतो तो स्टीफन स्मिथ या सहाध्यायाकडून. पुढे स्वतः नामवंत डॉक्टर झालेल्या स्मिथ यांनी तो चाळीसहून अधिक वर्षांनी लिहून काढला, त्यामुळे त्यात थोडे मीठमसाला पडले असेल हे गृहीत धरावे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे विद्यार्थ्यांना हा सारा प्रकार प्रतिस्पर्धी महाविद्यालयाने केलेली खोडी वाटला, संध्याकाळच्या सभेत धमाल उडाली आणि सगळ्यांनी आरोळ्या ठोकत होकार दिला. कोपऱ्यातून एकाने ‘नाही’ म्हटले, तेव्हा इतरांनी त्याला घेरून ‘हो’ म्हणेपर्यंत सोडले नाही. काही आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबर १८४७ मध्ये, एक ठेंगणी, साध्या पोशाखातली तरुणी खरोखरच वर्गात येऊन बसली आणि एरवी व्याख्यात्याचा शब्द ऐकू येऊ न देणारा तो वर्ग एकदम चिडीचूप झाला.

आता यातली गंमत पाहा. चेष्टेच्या भरात या मुलांनी नुसते हात वर केले नव्हते. त्यांनी रीतसर ठराव लिहिला होता. ज्ञानशाखांची दारे स्त्रीपुरुष दोघांनाही सारखीच उघडी असली पाहिजेत आणि येथे आल्याचा पश्चात्ताप व्हावा असे आमच्याकडून कोणतेही वर्तन होणार नाही, असे त्यात नमूद होते. महाविद्यालयाच्या २० ऑक्टोबर १८४७ च्या पत्राबरोबर ठरावही ब्लॅकवेल यांच्या हाती पडला आणि त्यांनी तो जन्मभर जपून ठेवला. माझ्या मते या मुलांनी चेष्टेत दिलेला शब्द बऱ्यापैकी पाळला. एकदा व्याख्यान चालू असताना घडी केलेली चिठ्ठी त्यांच्या बाहीवर येऊन पडली. काळ्या बाहीवर तो पांढरा कागद साऱ्या वर्गाला दिसत होता. त्यांनी टिपणे घेणे थांबवले नाही, मान वर केली नाही, फक्त हात किंचित हलवून ती चिठ्ठी जमिनीवर पडू दिली. त्यानंतर अशी आगळीक क्वचितच झाली. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स वेब्स्टर यांनी जननेंद्रियांच्या विच्छेदनाच्या वेळी ब्लॅकवेल यांनी गैरहजर राहावे असे सुचवले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर लिहिले की मी येथे विद्यार्थी म्हणून आले आहे, हवे तर मागच्या बाकावर बसेन, पण वर्गाचीच इच्छा असेल तरच बाहेर राहीन. वेब्स्टर यांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवले आणि मुलांनी टाळ्या वाजवून त्यांना आत घेतले.

त्रास झाला तो सभ्य समजल्या जाणाऱ्या माणसांकडून. गावातल्या बायका रस्त्यात थबकून, एखादा विचित्र प्राणी पाहावा तसे त्यांच्याकडे पाहत. ही बाई एकतर वाईट चालीची असावी किंवा वेडी, एवढाच काय तो मतभेद होता. खानावळीच्या टेबलावर एका डॉक्टरांच्या पत्नीने त्यांच्याशी शब्दही बोलायचे टाळले. १८४८ च्या उन्हाळ्यात त्या अनुभवासाठी फिलाडेल्फियाच्या ब्लॉकली अनाथ-रुग्णालयात राहिल्या, तिथली तऱ्हा तर फारच शिताफीची होती. प्रत्येक खाटेच्या उशाशी रुग्णाचे निदान आणि उपचार लिहिलेला कागद लावण्याची तिथे पद्धत होती. ब्लॅकवेल वॉर्डात आल्या की तरुण निवासी डॉक्टर निघून जात आणि काही दिवसांनी त्यांनी त्या कागदांवर लिहिणेच बंद केले. ना भांडण, ना अपशब्द. फक्त शिकायला आलेल्या माणसापुढे कोरा कागद! अशा वागण्याची तक्रार तरी कोणाकडे आणि काय म्हणून करायची? त्यांनी तक्रार केली नाही. आयर्लंडमधील दुष्काळातून पळून आलेल्या स्थलांतरितांमध्ये तेव्हा टायफसची (हा विषमज्वर नव्हे, उवांमधून पसरणारा वेगळा आजार) भयंकर साथ होती, ते रुग्ण त्यांनी स्वतः तपासले आणि त्यावरच आपला प्रबंध लिहिला.

त्या काळी वैद्यकीय शिक्षण म्हणजे व्याख्यानांची केवळ दोन सत्रे असत, म्हणून २३ जानेवारी १८४९ रोजी त्यांना पदवी मिळाली, आणि तीही वर्गात पहिल्या क्रमांकाने. समारंभात त्यांची वाखाणणी करणारे अधिष्ठाता चार्ल्स ली यांनी भाषण छापताना मात्र एक तळटीप जोडली: योग्य स्त्रियांच्या शिक्षणाला आपला विरोध नाही, पण सर्व व्याख्यानांना स्त्रियांना बसू देण्यात इतक्या अडचणी आहेत की यापुढे आपण त्याला विरोधच करू. तळटीप खरी ठरली. ब्लॅकवेल यांची धाकटी बहीण एमिली हिने अर्ज केला, तेव्हा त्याच जिनीव्हाने तिला नाकारले. तिला शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजने एक वर्ष शिकू दिले, परंतु राज्याच्या वैद्यक संघटनेने त्याबद्दल महाविद्यालयाला दोष दिल्यावर दुसऱ्या वर्षी दार लावून घेतले, आणि अखेर १८५४ साली तिला क्लीव्हलँडमध्ये पदवी मिळाली.

प्रश्न : पदवी आणि युरोपातील अनुभव गाठीशी असूनही ब्लॅकवेल यांना न्यू यॉर्कमध्ये जागा भाड्याने मिळेना, असे वाचले. एखाद्या डॉक्टरला जागा नाकारण्याचे कारण काय असावे?

उत्तर : कारण त्यांच्या पाटीवरच्या शब्दांत होते. इंग्रजीत ‘फीमेल फिजिशियन’, म्हणजे स्त्री-वैद्य, या शब्दांचा न्यू यॉर्कमधला त्या काळचा रूढ अर्थ गर्भपात करणारी बाई असा होता. मादाम रेस्टेल या नावाने धंदा करणारी ॲन लोमन ही वर्तमानपत्रांत स्वतःची जाहिरात याच शब्दांत करत असे, आणि तिच्या श्रीमंतीच्या व खटल्यांच्या कहाण्या साऱ्या शहराच्या तोंडी होत्या. १८४७ साली तिला शिक्षा झाली आणि ज्या बेटावरील तुरुंगात तिला ठेवले, त्याचे नाव ब्लॅकवेल्स आयलंड. हा निव्वळ योगायोग होय; बेटाचा आणि आपल्या डॉक्टरांचा काही संबंध नाही. पण १८५१ साली युरोपातून परतलेली ब्लॅकवेल नावाची अविवाहित बाई दारावर ‘डॉक्टर’ अशी पाटी लावू म्हणते, तेव्हा घरमालकिणीच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करता येते.

अखेर युनिव्हर्सिटी प्लेसवर संपूर्ण मजला चढ्या भाड्याने घ्यावा लागला. रुग्ण फिरकेनात, निनावी घाणेरडी पत्रे मात्र नियमित येत. शस्त्रक्रिया करण्याची त्यांची मूळ महत्त्वाकांक्षा होती, ती आधीच संपली होती: नोव्हेंबर १८४९ मध्ये पॅरिसच्या ‘ला मातेर्निते’ या प्रसूतिगृहात एका तान्ह्या बाळाचा संसर्ग झालेला डोळा धुताना पाण्याचा शिंतोडा त्यांच्या डोळ्यात उडाला आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली.

व्यवसायबंधूंचा अविश्वास कसा होता ते त्यांनी स्वतः सांगितलेल्या एका प्रसंगातून कळते. एका वृद्ध स्त्रीला न्यूमोनिया झाला होता आणि आजार गंभीर वाटल्याने त्यांनी सल्ल्यासाठी ओळखीच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना बोलावले. रुग्णाला पाहून ते शेजारच्या खोलीत आले आणि, विलक्षण प्रकरण आहे, असे माझ्यावर कधी ओढवले नव्हते, काय करावे कळत नाही, असे म्हणत येरझारा घालू लागले. ब्लॅकवेलबाई चकित झाल्या, कारण आजार सरळ सरळ न्यूमोनियाचा होता. मग उलगडा झाला की डॉक्टरसाहेबांना पेच पडला होता तो एका स्त्री-डॉक्टरशी विचारविनिमय करणे आपल्या प्रतिष्ठेला शोभेल का, याचा! ही निव्वळ मित्रत्वाची चर्चा समजा, असे बाईंनीच सुचवले, तेव्हा गृहस्थांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी नेहमीचा सल्ला दिला. रुग्ण बरी झाली.

१८५३ साली त्यांनी टॉम्पकिन्स स्क्वेअरजवळ गरीब बायकांसाठी एका खोलीचा दवाखाना काढला, आणि १८५७ च्या मे महिन्यात एमिली व डॉ. मेरी झाक्रझेव्स्का यांच्या साथीने ब्लीकर स्ट्रीटवर स्त्रिया आणि मुलांसाठीचे रुग्णालय सुरू केले. सल्ला देणारे पुष्कळ होते: जागा मिळणार नाही, तुम्ही दिलेला मृत्यूचा दाखला कोणी मानणार नाही, आणि पोलीस तर हमखास हरकत घेतील. पुढे बाळंतपणानंतर एक रुग्ण दगावली आणि बायका-डॉक्टर बायकांना मारतात असे ओरडत कुदळी-फावडी घेतलेला जमाव दाराशी आला, तेव्हा त्या गस्तीवरचे दोन पोलीसच धावून आले. या डॉक्टर उत्तम उपचार करतात हे आम्हाला ठाऊक आहे आणि कोणताही डॉक्टर कोणाला कायमचे मरणापासून वाचवू शकत नाही, असे सांगून त्यांनी लोकांना घरी पाठवले.

प्रश्न : ‘पहिली अमेरिकन महिला डॉक्टर’ म्हणून काही ठिकाणी रिबेका ली क्रंपलर यांचे नाव आढळते. कोणते बरोबर?

उत्तर : दोन्ही, पण पूर्ण लिहिले तर. क्रंपलर या अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांना १८६४ साली बॉस्टनच्या न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेजातून पदवी मिळाली आणि यादवी युद्धानंतर त्यांनी व्हर्जिनियातील रिचमंड येथे नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांवर उपचार केले. नुसते वैद्यकी करणे एवढाच निकष लावायचा, तर हॅरियट हंट यांचे नाव ब्लॅकवेल यांच्याही आधी येते: त्या १८३५ पासून बॉस्टनमध्ये पदवीवाचून रुग्ण तपासत होत्या.

प्रश्न : आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात ज्या महाविद्यालयात शिकल्या, ते केवळ स्त्रियांसाठी होते. ब्लॅकवेल यांनी मिश्र वर्गात शिकून दाखवल्यावरही वेगळी महाविद्यालये कशासाठी काढावी लागली?

उत्तर : जिनीव्हाच्या त्या तळटीपेत याचे अर्धे उत्तर आहे. एकटी स्त्री वर्गात आली तर ते नवल ठरते. तीसजणी आल्या की त्या धंद्यातल्या प्रतिस्पर्धी ठरतात. फिलाडेल्फियाचे हे महाविद्यालय १८५० साली निघाले आणि पुढच्याच वर्षअखेरीस तेथून ८ स्त्रियांची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. १८५८ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यक संघटनेने या स्त्रियांशी वा त्यांच्या प्राध्यापकांशी व्यावसायिक संबंध ठेवणे सभासदांना वर्ज्य ठरवले. नोव्हेंबर १८६९ मध्ये महाविद्यालयाच्या तेव्हाच्या अधिष्ठाता डॉ. ॲन प्रेस्टन यांच्या खटपटीने तीसेक विद्यार्थिनींना पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील शनिवारच्या प्रात्यक्षिकाला प्रथमच बसायला मिळाले, तेव्हा शेकडो पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे गोळे फेकले आणि त्यांच्या कपड्यांवर तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. याहून वाईट म्हणजे शहरातील अनेक नामवंत प्राध्यापकांनी पत्रक काढले ते या टवाळखोरांच्या निषेधाचे नव्हे, तर मिश्र प्रात्यक्षिकांच्या विरोधाचे. विद्यार्थिनी मात्र पुढच्या प्रात्यक्षिकांनाही जात राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंनी पदवी घेतली ती याच महाविद्यालयातून; रेचेल बॉडली तेव्हा अधिष्ठाता होत्या.

खुद्द ब्लॅकवेल यांना वेगळी महाविद्यालये फारशी पसंत नव्हती. तिथले शिक्षण उणे पडेल आणि त्याचे खापर स्त्रियांच्या बुद्धीवर फुटेल, अशी त्यांना धास्ती होती. तरीही न्यू यॉर्कमधील पुरुषांची महाविद्यालये बधेनात, तेव्हा १८६८ साली त्यांनी रुग्णालयाला जोडून स्वतःचे महाविद्यालय काढले, पण अटी कडक ठेवल्या: प्रवेशपरीक्षा, इतरत्र दोन सत्रांत आटपणारा अभ्यासक्रम येथे तीन वर्षांचा, आणि परीक्षक बाहेरचे. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला परतल्या आणि तीस वर्षे एमिलीने ते चालवले. १८९८ साली कॉर्नेल विद्यापीठाने न्यू यॉर्क शहरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले आणि त्यात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश दिला. पुढच्याच वर्षी एमिलीने आपल्या विद्यार्थिनी तिकडे पाठवल्या आणि चांगले चाललेले महाविद्यालय आपल्या हाताने बंद केले.