सिरीज बोर्डवर इस्त्री तापत का नाही?

प्रश्न : १००० वॅटची इस्त्री दुरुस्त करून १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवर लावली. बल्ब लख्ख पेटतो, इस्त्री मात्र गारच. शॉर्ट आहे का? – एक वाचक, परतूर, जि. जालना

उत्तर : बहुधा नाही. सिरीज बोर्डवर बल्ब आणि तपासायचं उपकरण एकामागोमाग एकाच वाटेत जोडलेले असतात, म्हणून करंट दोघांतून एकच वाहतो. व्होल्टेज मात्र रोधाच्या (करंटला होणाऱ्या अडथळ्याच्या) प्रमाणात वाटलं जातं. २३० व्होल्टला तापलेल्या बल्बचा रोध ५२९ ओहम, इस्त्रीचा जेमतेम ५३. एकूण ५८२, म्हणून करंट सुमारे ०.४ अँपिअर. बल्बला २०९ व्होल्ट मिळतात, इस्त्रीला उरतात २१. एवढ्यात ती ८ वॅटच घेते, तापणार कशी?

खरी गोम पुढं आहे. पूर्ण शॉर्ट असता तर बल्बला २३० मिळाले असते; २०९ आणि २३० मधला फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्लग काढा, इस्त्रीचं बटण फिरवून चालू ठेवा आणि मल्टिमीटरनं प्लगच्या दोन पिनांत (अर्थिंगची जाड पिन सोडून) रोध मोजा. ५० ओहमच्या आसपास आला तर कॉइल ठीक, शून्याजवळ आला तर शॉर्ट. या दोन पिना आणि बॉडी यांच्यात मात्र मीटरनं जोडणी दाखवायला नको.

आणि बोर्डात एलईडी बल्ब नको. थोड्या करंटवरही तो पेटतो, अंदाज चुकतो.