वाचकांचे प्रश्न : योडलिंगने गळा बिघडतो का?

प्रश्न : माझा १६ वर्षांचा पुतण्या बेळगावात ख्यालगायन शिकतो. अलीकडे त्याला किशोरकुमारांसारख्या योडलिंगचा, म्हणजे गाताना आवाज एकदम वर उडवून पुन्हा खाली आणण्याचा, नाद लागला आहे. त्याच्या गुरुजींच्या मते हा निव्वळ आरडाओरडा असून त्याने गळा बिघडेल. आमच्या जांबोटीकडील गवळी म्हशींना हाक देतात, तेव्हाही आवाज असाच एकदम वर उडतो. मग यात शिकण्यासारखे काय आहे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : गवळ्यांच्या हाकेची आपल्याला झालेली आठवण योग्यच आहे. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या डोंगराळ भागातील योडलिंगचे नातेही गुराख्यांच्या हाकांशीच जोडले जाते. मात्र हाकेत आवाज एकदा उडाला, म्हणजे ते योडलिंग झाले असे नाही. योडलिंगमध्ये आवाज नेमक्या स्वरांवर, पुन्हा पुन्हा आणि गायकाच्या इच्छेने वरखाली होतो. शिकण्यासारखे आहे ते हेच.

छातीच्या, म्हणजे खालच्या भरदार, आवाजात स्वरतंतू आखूड व जाड राहून पूर्ण जाडीने कंप पावतात, तर वरच्या पातळ आवाजात ते ताणले जाऊन केवळ त्यांच्या कडा कंप पावतात. या दोन अवस्थांमधला सांधा ऐकू येऊ नये यासाठी ख्यालगायक वर्षानुवर्षे मेहनत घेतो आणि योडलिंग करणारा नेमका तोच सांधा उघडा करून दाखवतो, त्यामुळे गुरुजींच्या कानाला ते खटकणे स्वाभाविक आहे. परंतु त्याला आरडाओरडा म्हणणे मला मान्य नाही. खाली ‘ओ’ किंवा ‘आ’ आणि वर ‘ई’ अशी स्वरवर्णांची निवडही उडी सोपी व्हावी म्हणूनच असते. शास्त्रीय तालीम न घेतलेल्या किशोरकुमारांनी ही युक्ती थोरले बंधू अनूपकुमार यांच्याकडील तबकड्या ऐकून उचलली, असे सांगितले जाते. त्या तबकड्यांतील एक गायक जिमी रॉजर्स याने अमेरिकेत १९२७ मध्येच योडलिंगयुक्त गाणी ध्वनिमुद्रित केली होती.

गळ्याला अपाय होतो तो जोर लावल्याने. वरचा स्वर छातीच्या आवाजाने ढकलला, की घसा बसतो. शिवाय आवाज फुटण्याच्या वयात स्वरतंतू आपोआपच असे घसरत असतात. तेव्हा पुतण्याचा आवाज अजून स्थिरावला नसेल, तर काही महिने थांबलेले बरे. स्थिरावला असेल, तर रियाझ आटोपल्यावर काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) तंबोरा लावून, मध्य सप्तकातील पंचम ‘ओ’ने आणि त्यावरच्या तार सप्तकातील गंधार ‘ई’ने, हलक्या आवाजात व थोडाच वेळ म्हणावा. घोगरेपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. दोन्ही स्वर सुरेल लागतात की नाही, हे मात्र गुरुजींनाच ऐकू द्यावे, कारण तंबोऱ्यापुढे बेसूर उडी लपत नाही.