चौथी-पाचवीच्या मुलांना बल आणि गती शिकवायला कोणतं विज्ञान किट घ्यावं?

किट घेऊच नका. निदान आधी नको. आमच्या शाळेत एक होतं, कपाटात कुलूपबंद. फुटलं तर ऑडिटला उत्तर कोण देणार, म्हणून पोरांच्या हाती ते कधी लागलंच नाही.

मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. बल म्हणजे ओढणं-ढकलणं, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. अडतं ते पुढे. ढकलून सोडलेली वस्तू थांबते कशानं? मोठी माणसंही सांगतात, बल संपलं म्हणून. ॲरिस्टॉटलही साधारण याच वाटेनं गेला होता. ते खोडायला गॅलिलिओ यावा लागला.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. एका वर्षी मी सांगितलं, नंदी शाळेत आणा. भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा, म्हणजे तानकाटा, मिळवला आणि नंदीच्या दोरीला अडकवला. आधी वऱ्हांड्याच्या फरशीवर ओढला, मग पटांगणातल्या मुरमावर, मग शाळेमागच्या ओल्या काळ्या मातीत. दर वेळी काटा वाढत गेला. नंदी जागचा हलवताना काटा जास्त दाखवतो आणि चालू लागला की उतरतो, हे पोरांनी माझ्याआधी पकडलं. एकानं घरून बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, वंगण आणून आसाला चोपडलं. फरशीवर लगेच फरक पडला, चिखलात जवळजवळ काहीच नाही. कारण फरशीवर अडवतो तो मुख्यतः आस, चिखलात चाकच रुततं. मग लोखंडी धाव जाऊन बंडीला डनलॉपचे रुंद टायर का आले, ते पोरांनीच मला समजावलं.

शेवटी दोरी सोडून नंदी नुसता ढकलला. फरशीवर लांब गेला, मातीत दोन वितींत अडला. पाचवीतली एक पोरगी म्हणाली, “सर, थो थांबला नाई, मातीनं धरला त्याले.”

पुढे आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांना एकच चाचणी आली. प्रश्न होता, ढकललेला चेंडू थोड्या वेळानं का थांबतो? त्या पोरीनं लिहिलं, ‘जमिनीनं धरला म्हणून’. गुण शून्य. उत्तरसूचीत होतं, ‘लावलेले बल संपते म्हणून’. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, मी उभा राहिलो. तपासणारे गुरुजी म्हणाले, “सर, घर्षण शब्द कुठं लिहिला तिनं? अन् मुलांना गोंधळात कायले पाडता?” मी म्हटलं, शब्दासाठी अर्धा गुण कापा, पण बल काय कंदिलातलं तेल आहे संपायला? चेंडू हातातून सुटला तेव्हाच तुमचं ढकलणं थांबलं, तरी तो पुढे गेलाच ना! त्यावर चहा आला आणि विषय बदलला. गुण काही मिळाले नाहीत.

म्हणून सांगतो, चौथी-पाचवीत व्याख्या पाठ करून घेऊ नका. सहावीच्या पुस्तकात स्नायू बल, घर्षण बल, चुंबकीय बल अशी सगळी नावं येतातच, नववीत न्यूटनचे नियम येतात. तोवर ‘बल संपतं’ डोक्यात घट्ट बसलेलं असेल, तर पहिला नियम, म्हणजे कुणी अडवलं नाही तर चालती वस्तू चालतच राहते हा, पोरं पाठ करतात, मानत नाहीत.

आता थोडं राहिलेलं. दोरी जमिनीला समांतर धरा आणि एकसारख्या वेगानं ओढा, नाहीतर काट्याचा आकडा फसवा येतो. काटा किलोत असतो. 1 किलोच्या खुणेला साधारण 10 न्यूटन म्हणा. आणि घर्षणाला नुसता खलनायक करू नका. चिखलात बैलाचा खूर घसरतो तेव्हा बंडी हलत नाही, हेही दाखवा. बैल पायांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते, आणि ते घर्षणाशिवाय होत नाही.

शाळेनं किट आधीच घेतलं असेल तर त्यातली चाकगाडी आणि तानकाटा बाहेर काढा, बाकीचं कपाटातच राहू द्या.