शकुंतला रेल्वेची मालकी अजूनही इंग्रजांकडे आहे का? आणि ती गाडी बंद का पडली?

शकुंतला म्हणजे विदर्भातली अरुंद रुळांची छोटी रेल्वे. तिची मालकी इंग्रजांकडे नाही. 'भारत आजही ब्रिटनला या रेल्वेची रॉयल्टी देतो' हा मजकूर दर पंधरा ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यातला रॉयल्टीचा भाग खरा होता, ब्रिटनचा नाही. हा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा आणि ही कंपनी मुंबईची. तिचा कारभार पाहायची किलिक निक्सन ही पेढी. ती इंग्रजांनी १८५७ साली मुंबईत काढली होती हे बरोबर, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांच्या हातात गेली. म्हणजे रेल्वेकडून जो पैसा जायचा तो मुंबईतल्या खासगी कंपनीला जायचा. बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या आणि हा मार्ग तेवढा राहून गेला. आमच्या भागाचं नुकसान त्यातून झालं. इंग्रजांवर राग काढून त्याचा उलगडा होत नाही.

मी दारव्हा तालुक्यातला, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो.

मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर मूर्तिजापूर जंक्शन आहे. तिथून शकुंतलेचे दोन फाटे निघायचे. एक दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा, लाडखेड करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. याच कंपनीचा पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा तिसरा तुकडाही होता. हे सगळं गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभं राहिलं ते वऱ्हाडच्या कापसासाठी. गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंगमधून, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांमधून, गाठी मूर्तिजापूरला, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला. उलट दिशेने १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन इथे आलं. त्याने १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढली, मग डिझेल आलं.

माझ्या मते या मार्गाचं मरण त्याच्या रुंदीतच होतं. मुख्य मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचे आणि शकुंतलेचे ७६२, म्हणजे जेमतेम अडीच फूट. यवतमाळहून निघालेली वाघीण, म्हणजे मालडबा, मूर्तिजापूरच्या पुढे जाऊच शकत नव्हती. कापसाची एक गाठ पावणेदोन क्विंटलच्या आसपास भरते. अशी एकेक गाठ हमालांनी छोट्या वाघिणीतून उतरवायची आणि मोठीत चढवायची. दुसरं वाहनच नव्हतं तोवर हे चाललं. पण रस्ते झाले, ट्रक थेट जिनच्या दारात लागायला लागला, एकदा भरला की गिरणीतच रिकामा. मग एवढी उस्तवार कोणता व्यापारी करेल?

हे पटत नसेल तर बडनेरा-अमरावती आणि जलंब-खामगाव हे दोन फाटे पाहा. तोच वऱ्हाड, तोच कापूस, तोच मुख्य मार्ग. पण ते १८७० च्या सुमारास सरकारने बांधले आणि सुरुवातीपासून ब्रॉडगेज, म्हणजे मुख्य मार्गाच्याच रुंदीचे. म्हणून आज अमरावतीकर आपल्या गावात गाडीत बसतो तो थेट मुंबईला उतरतो. अचलपूर हे एके काळी वऱ्हाडच्या राजधानीचं शहर. तिथल्या माणसाला आधी बस धरावी लागते.

रुंदीच्या जोडीला मालकीचा घोळ. गाडी रेल्वेची, कर्मचारी रेल्वेचे, रूळ कंपनीचे. दुसऱ्याच्या रुळांवर रेल्वे मोठा खर्च का करेल? आणि ज्या मार्गातून फार काही सुटत नाही त्यावर कंपनी तरी का करेल? दर दहा वर्षांनी रेल्वे आणि कंपनीतल्या कराराची मुदत वाढायची, तेव्हा हा मार्ग विकत घ्यायची संधीही असायची. ती प्रत्येक वेळी सोडून दिली गेली. रुळांची अवस्था अशी झाली की शेवटी शेवटी अचलपूरच्या ७६ किलोमीटरला चारेक तास लागायचे.

तरी लोक त्यात बसायचे, कारण एस.टी.च्या मानाने तिकीट नगण्य होतं. मजूर, शाळा-कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, कारंज्याला दत्तगुरूंच्या दर्शनाला जाणारे. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि परत येऊन चढायचा. तिकीट देणं, सिग्नल, इंजिन सोडणं-जोडणं, सगळं त्याच चार-सहा माणसांनी करायचं. एवढ्या तुटपुंज्या बळावर त्यांनी ती गाडी इतकी वर्षं चालवली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

गेल्या दशकाच्या मध्यास दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या थांबल्या. ब्रॉडगेजची घोषणा झाली, 'शकुंतला बचाव'ची आंदोलनं झाली, पण काम झालं नाही. दारव्ह्याजवळ रूळ वेड्या बाभळीत शिरलेले दिसतात.

दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे. त्याचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढे तो यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसदमार्गे जाणार आहे, म्हणजे आम्हाला उशिरा का होईना रेल्वे मिळेल. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर मात्र त्यावर कुठेच नाहीत. म्हणून जुनी छोटी गाडी आठवण म्हणून पुन्हा पळवा, या मागणीला माझा पाठिंबा नाही. मूर्तिजापूर-अचलपूर आधी ब्रॉडगेज करा. संत्र्याचा आणि कापसाचा मुलूख आहे, माल आहे, माणसं आहेत. त्यानंतर मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा करून तो फाटा नव्या मार्गाला जोडा. त्या जोडणीने यवतमाळ जिल्ह्याला मुंबईचा सरळ रस्ता मिळेल.