तीन वर्षांत पूर्वापार

नाशिक

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

वसतिगृहाचा प्रतिनिधी म्हणून तुझी निवड झाल्याचे वाचून आनंद झाला. आपल्या परंपरांपैकी कोणत्या ठेवाव्यात आणि कोणत्या बंद कराव्यात, असे तू विचारले आहेस. बारा वर्षे मी या वसतिगृहाचा अधीक्षक होतो, त्यामुळे माझ्याकडे अशी यादी तयार असेल असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती यादी तुलाच करावी लागेल, मी फक्त ती कशी करावी ते सांगू शकतो.

सव्वाशे विद्यार्थ्यांच्या निवासी महाविद्यालयाची स्मरणशक्ती तीन वर्षांची असते. आज प्रथम वर्षाला आलेला मुलगा तृतीय वर्षाला पोहोचेपर्यंत त्याच्या आधीचे सगळे निघून गेलेले असतात, आणि म्हणून जी गोष्ट लागोपाठ तीनदा घडली ती त्याच्या लेखी पूर्वापार चालत आलेली ठरते. बुधवारी रात्री गच्चीवर कविता म्हणण्याची प्रथा तुम्हाला फार जुनी वाटते; ती एका उन्हाळ्यात भारनियमनामुळे सुरू झाली, हे मी स्वतः पाहिले आहे. (दिवे नसल्यामुळे पाठ असेल तेच म्हणता येई, आजही तेथे कागद हातात धरणे कमीपणाचे का मानतात, ते आता तुझ्या लक्षात येईल.)

प्रथा नाहीशीही तितक्याच लवकर होते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि दिंड्या आपल्या फाटकासमोरून त्र्यंबक रस्त्याने जातात. त्या कडाक्याच्या थंडीत आपली मुले पहाटे चारला उठून वारकऱ्यांना चहा देत असत. एका वर्षी त्याच आठवड्यात सत्र परीक्षा आली आणि चहा राहिला. दुसऱ्या वर्षी कोणी आठवण केली नाही. तिसऱ्या वर्षी असे काही होते हे ठाऊक असलेला एकही विद्यार्थी वसतिगृहात नव्हता.

नव्या मुलांना पहिल्या रविवारी पांडवलेण्यांवर (शहराजवळच्या टेकडीतील प्राचीन बौद्ध लेण्यांवर) नेण्याची प्रथा मात्र टिकली आहे. तेथे जाऊन सगळे नुसते फोटो काढून उतरतात, याची मला खंत आहे. या वेळी दहाव्या लेण्यापाशी त्यांना थोडा वेळ थांबव. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तेथे कोरवलेल्या लेखात, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवल्याची नोंद आहे: 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हिशेब करून बघ. 2000 वर वर्षाचे व्याज 240 होते आणि वीस गुणिले बारा तेवढेच. आपल्या मेसच्या वहीबद्दल असे मला एकदाही म्हणता आले नाही. तेही निवासस्थानच होते, पावसाळ्यापुरती माणसे येत आणि जात. तरी कोणी, कशासाठी आणि किती दिले, हे सुमारे 1900 वर्षांनंतर आपल्याला वाचता येते.

म्हणून तू आधी एक जाड वही आण. प्रत्येक प्रथेला एक पान दे आणि ती कोणत्या गरजेतून सुरू झाली, खर्च किती येतो आणि त्यातले कष्टाचे काम कोणाच्या वाट्याला येते, ते लिही. माहितीसाठी तृतीय वर्षाच्या मुलांकडे जाऊ नकोस, त्यांनाही तुझ्याइतकेच ठाऊक असते. पोळ्या लाटणाऱ्या मावशींकडे आणि रात्रपाळीच्या वॉचमनकाकांकडे जा.

काही पानांवर कारणाची जागा कोरी राहील, आणि विचारल्यावर ‘आम्हीही केले होते’ एवढेच उत्तर मिळेल. माझ्या विद्यार्थिदशेत, दुसऱ्या एका वसतिगृहात, परिचयाच्या नावाखाली मला पहाटेपर्यंत उभे ठेवले होते. त्या रात्रीचे आता फारसे काही वाटत नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः समोरच्या खुर्चीत बसलो, त्याची लाज मात्र अजून गेलेली नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि ते तू सूचनाफलकावर लावशीलच. कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या बारीकसारीक प्रथांची परीक्षा मात्र मेसमध्ये होते. ‘मला नको’ म्हणणाऱ्या मुलाच्या शेजारी दुसऱ्या दिवशी कोणी जेवायला बसते का, ते पाहत जा.

रंगपंचमीचे उदाहरण देतो. विदर्भातून आलेली मुले धुळवडीलाच रंग शोधू लागतात आणि नाशिक पंचमीपर्यंत थांबते, हे त्यांना प्रथम विचित्र वाटते. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीखालचे दगडी हौद, वर्षभर फळ्या आणि माती यांखाली बंद असतात, त्यांवरून वाहने जात असतात, आणि पंचमीसाठी त्या पूजा करून उघडल्या जातात, हे पाहून आल्यावर आपल्या मुलांनी विहिरीजवळच्या हौदाचीच रहाड केली. प्रथा छान होती, परंतु पाण्याला भिणाऱ्यांनाही धप्पा मारायला, म्हणजे हौदात उडी घ्यायला, ढकलले जाई. ती बंद करण्याऐवजी मी रंग कालवण्याचा आणि काठावरून पहिली बादली ओतण्याचा मान हौदात न उतरणाऱ्यांना दिला. दोन वर्षांनी त्या मानासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, आणि चांगले पोहणारेही अचानक पाण्याला भिऊ लागले.

चहाचे मात्र मनावर घे. परीक्षेचे वेळापत्रक लागण्यापूर्वीच प्राचार्यांना भेटून एकादशीची तारीख त्यांच्या कानावर घाल. चहाचे मोठे पातेले कोठीघराच्या माळ्यावर, मोडक्या खाटांच्या मागे आहे. त्याला कल्हई करून घ्यावी लागेल.

तुझा शुभचिंतक,
माजी अधीक्षक